खणामागचं

आई गेल्यावर तिचं सहा खणांचं सागवानी कपाट मी विकायला काढलं. शाहूपुरीतले एक वयस्कर जुनं फर्निचर घेणारे बघायला आले. पितळी मुठींकडे त्यांनी पाहिलंही नाही. सगळे खण बाहेर काढून ते जमिनीवर आडवे झाले आणि आत खांद्यापर्यंत हात घातला.

"खणामागं कायतरी पडलेलं असतंय, पावणं."

निघाली तान्ह्या बाळाची काळ्या मण्यांची मनगटी. माझ्याआधीची बहीण महिन्याभरातच गेली होती. आई तिच्याबद्दल कधीच बोलली नव्हती.

त्यांनी मनगटीवरची धूळ फुंकली, ती माझ्या हातावर ठेवली आणि खण परत बसवले. "उद्या टेम्पो आणतो," म्हणून गेले.

सकाळी मी फोन केला. "येऊ नका. कपाट विकायचं नाही."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "टेम्पो सांगितलाच न्हाय मी."