बाबा म्हणाले, "पुन्हा लाव"

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी हेवी, काळोखी रॉक ऐकते हे तुम्हाला माहीत आहेच. घरात मात्र हेडफोनवरच, कारण बाबांना गोंगाट चालत नाही. ते तोफखान्यातून निवृत्त झाले आणि आम्ही देवळाली कॅम्पातच राहिलो. नोकरीतलं काही विचारलं की ते विषय बदलतात.

आज ते बँकेत गेले होते, म्हणून मी एक आख्खा अल्बम स्पीकरवर लावला. खर्जातली गिटार, अंगावर येणारे ड्रम आणि गायकाचं ते जिवाच्या आकांताने ओरडणं. मागे वळून पाहते तर बाबा दारात उभे. मी घाईघाईने बंद केलं.

"बंद का केलंस? पुन्हा लाव."

लावलं. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. दोन्ही हातांनी त्यांनी गुडघे घट्ट धरून ठेवले होते. मी घाबरले. "बाबा, त्रास होतोय का?"

"माझ्या डोक्यात असंच चालू असतं," ते म्हणाले. "कुणाला सांगायचं कसं, तेच कळत नव्हतं."

मग उठून अंगणात गेले. तेव्हापासून नुसत्या फेऱ्या मारताहेत. मी चहा नेला, तर एवढंच विचारलं, "तो गाणारा माणूस आता बरा आहे ना गं?"

तो गायक केव्हाच गेलाय; मी कप त्यांच्या हातात दिला आणि आत आले.

तुमच्या घरी असं कुणी आहे का? तुम्ही त्यांना बोलतं केलंत, की गप्प राहू दिलंत?