काकांच्या बोटांना कड जाणवेना

मंडळी, दुपारी घडलेलं अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

इथे अमेरिकेत, आमच्या फ्रिस्कोत, दोन घरं सोडून श्रीकांतकाका राहतात. रिटायर्ड सर्जन. काकू गेल्यापासून त्यांना एकच छंद उरलाय, रायफलने टार्गेट शूटिंग. काडतुसंही ते घरीच भरतात. आज काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांचा नवा बॉक्स आला होता. मी भाजी द्यायला गेले, तर काका गॅरेजमध्ये एकेका पुंगळीच्या तोंडाची कड घासत बसले होते.

"नव्या असल्या तरी कडा खरखरीत असतात. आधी हे काम, मग पावडर," म्हणाले आणि एक माझ्या हातात दिली. "बघ, कशी गुळगुळीत झालीय!"

मी बोट फिरवलं. कड चक्क टोचली. दुसरीचीही तशीच.

क्षणभर वाटलं, छान म्हणावं आणि निघावं. पण पुढे ते त्यात स्फोटक पावडर भरणार होते, आणि तिथे चूक म्हणजे जिवाशी खेळ.

"काका, नाही झालीय हो."

त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. मग अंगठा. मग डाव्या हाताचं बोट.

"मला काहीच जाणवत नाहीये गं. बोटं बधिर झालीत हे माहीत होतं. इतकी, हे नव्हतं."

त्यांनी पावडरचा डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"तुझ्याकडेच राहू दे."

मी घेतली. खरं बोलल्याचं समाधान वाटायला हवं, पण वाटत नाहीये. घरातल्या मोठ्यांना तुम्ही कधी असं काही सांगितलंय? दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी काय बोललात?