पानांना जेवू घालणारे साहेब

रविवारी बनारसला भोसले घाटामागच्या आमच्या घरी चार मराठी मंडळी चहाला जमत. कुणी बँकेतला किस्सा सांगे, कुणी रेल्वेतला. माझी पाळी आली की बाकीचे खुर्च्या पुढे ओढत, कारण माझ्याकडे आमचे साहेब होते! साध्या मूर्खाचे किस्से एका बैठकीत संपतात. शिकलेल्या मूर्खाचे साठतच जातात, आणि मी तर बनारसजवळच्या सरकारी कृषी केंद्रात अशा माणसाच्या हाताखाली अकरा वर्षं काढली.

साहेब दिल्लीला ट्रेनिंगला गेले आणि पानांवरची फवारणी शिकून आले. कल्पना वाईट नव्हती. एप्रिलची लू, म्हणजे तिथला भाजणारा वारा, सुटली की उन्हाळी मुगाच्या मुळाशी ओल राहत नाही, खालून खत लागू पडत नाही. अशा वेळी फुलोऱ्यात युरियाचं पातळ पाणी पानांवर फवारलं तर पीक तगतं. प्रयोगासाठी शेत मीच मिळवलं. रामरती नावाची विधवा बाई, तिचा दोन बिघे मूग, मध्ये एक बांध. एक बिघा तिनं माझ्या शब्दावर दिला. त्या मुगावर तिची वर्षाची डाळ होती आणि पुढच्या पेरणीचं बियाणंही.

* * *

फवारणी संध्याकाळी करायची असते, ऊन उतरल्यावर. आमची जीप ऑफिसातून निघायची दहाला, वाटेत साहेबांचं पान व्हायचं, शेतावर पोचायला बारा. मी दबकत म्हटलं, सर, या उन्हात पानं करपतील.

साहेब म्हणाले, "शाम को दफ्तर बंद रहता है।"

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा पांढऱ्या पडल्या. औषध लागू पडल्याची ती खूण आहे, असं साहेबांनी रिपोर्टात लिहिलं. मी खाली सही केली.

* * *

युरिया मोजून घालायचा असतो. केंद्राकडे चांगला वजनकाटा होता, पण तो इन्स्पेक्शनला दाखवायचा म्हणून कपाटात कुलूपबंद. साहेबांनी हुकूम दिला, पंपाला दोन मुठी टाका. पंप मारायचा केंद्रातला गडी बेचन. त्याचा पंजा फावड्याएवढा. त्यानं विचारलं, मूठ कुणाची, माझी की साहेबांची? साहेबांना हा प्रश्न उद्धट वाटला आणि बेचनला मेमो मिळाला. अंगठा उठवून त्यानं तो घेतला आणि मुठी स्वतःच्याच टाकल्या.

* * *

तुलनेसाठी एका कोपऱ्यात नुसतं पाणी फवारायचं होतं. त्या तापलेल्या रानात नुसत्या पाण्यानंही तो कोपरा तरारला. साहेबांच्या युरियाच्या ओळींपेक्षा हिरवागार! साहेब दोन मिनिटं बघत उभे राहिले. मग त्यांनी त्या कोपऱ्याचं पाणी बंद करायला सांगितलं. यालाही विज्ञान म्हणतात. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना टोकत का नाही?" मी जेवत राहिलो. लाज वाटत होती, पण नोकरीही हवी होती.

* * *

यानंतरच्या किश्शावर आमच्या बैठकीतही कुणी हसत नसे. साहेबांच्या बंगल्यातल्या हिरवळीवर तण माजलं होतं. त्यावर तणनाशक मारायला शेतावरचा पंप नेला, आणि तोच पंप न धुता परत रामरतीच्या मुगावर आला. आठवड्यात शेंडे पिळवटले, फुलं गळली, बिघ्याच्या बिघा गेला. पंप धुतला नव्हता का, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, नंतर त्यात पाणीच तर भरलं, म्हणजे धुतल्यासारखाच झाला.

रामरतीनं आरडाओरडा केला नाही. एक वाळका शेंडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "बाबू, आप कहले रहलीं, त हम दे देहलीं।" मी म्हटलं म्हणून तिनं शेत दिलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

आता बांधापलीकडचा एकच बिघा तिच्याजवळ उरला होता. त्याला कुणी हात लावला नव्हता. साहेबांनी तोही फवारायचं ठरवलं, कारण लखनौहून मोठे अधिकारी प्रयोग बघायला येणार होते. जीप पोचली तेव्हा रामरती विळा मांडीवर घेऊन बांधावर बसली होती. जागची हलली नाही. बारा वाजले, दीड वाजला. साहेबांना भूक लागली आणि जीप परतली.

* * *

पाहुणे आले त्या सकाळी साहेबांनी एक सोपी युक्ती केली. जळक्या बिघ्यातली प्रयोगाची पाटी उपटली आणि बांधापलीकडच्या हिरव्या मुगात रोवली. जळका बिघा पडीक म्हणून दाखवला.

पाहुणे लखनौहून आलेले, पण मूळचे मद्रासकडचे, हिंदी बेताचीच. शेंगा हातात घेऊन खूश झाले. साहेब इंग्रजीत अर्धा तास पानं कशी जेवतात ते सांगत होते. शेवटी पाहुण्यांनी रामरतीकडे वळून मोडक्या हिंदीत विचारलं, हे पीक इतकं चांगलं कशानं आलं?

रामरती म्हणाली, "ई खेत में साहब नाहीं आयल रहलन। एही से बच गयल।"

पाहुण्यांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनीही माझ्याकडे बघितलं, आणि घाईनं म्हणाले, फवारणीचे आभार मानतेय ती.

मी घसा साफ केला आणि तिचं वाक्य पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं: या शेतात साहेब आले नव्हते, म्हणूनच ते वाचलं. शब्दन् शब्द.