तीनदा बदललेला पासवर्ड

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत चोर पाहिले, ठग पाहिले, पण एका वेबसाइटने मला जितका मनस्ताप दिला, तितका कुणी दिला नाही.

निवृत्ती जवळ आली होती. मी सायबर ठाण्यात होतो. मुकुंदवाडीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी खासगी प्रयोगशाळेत कामाला. लग्न जमवणाऱ्या एका स्थानिक वेबसाइटवर तिचं नाव नोंदवलेलं. स्थळ जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात तिच्या माहितीत कुणीतरी लिहिलं: घटस्फोटित, एक मुलगा, पहिलीत. मुलाकडच्यांनी वाचलं आणि बोलणी थांबवली.

"तीनदा पासवर्ड बदलला साहेब," वडील म्हणाले. "आम्ही दुरुस्त करतो, तो पुन्हा तेच लिहितो. बजाजनगरच्या त्या पोराला उचला. आम्ही नकार दिला होता त्याला."



तक्रार नोंदवून घेतली. त्या मुलाला नोटीस देऊन बोलावलं. कंपनीत कामगार, अंगावर कामाचेच कपडे. पोलिसांनी बोलावलं एवढ्यावरच कंपनीने त्याला त्या दिवसापासून घरी बसवलं.

"नकार आला तवाच विषय संपला साहेब. मला तिचा पासवर्ड कसा म्हाईत असंल?"

त्याचा मोबाईल तपासला. काहीच नाही. आरोपी घाबरतो तेव्हा उत्तरं फिरवतो; हा प्रत्येक वेळी तेच आणि तितकंच बोलत होता. त्याला जाऊ दिलं, तर वडील माझ्यावरच संतापले.

वेबसाइटच्या मालकाकडे गेलो, तर त्याचं एकच पालुपद. "पासवर्ड बदलायला सांगा, सर."

"तीनदा बदललाय!"

"मग मोबाईल बंद करून चालू करा."

शेवटी कायदेशीर पत्र देऊन त्याच्याकडून लॉगिनच्या नोंदी मिळवल्या. इंटरनेट कंपनीकडून त्या कनेक्शनचा पत्ता यायला बरेच दिवस गेले. पत्ता निघाला वेरूळचा. बजाजनगरच्या मुलाचा तिथे कोणी नातेवाईक नव्हता.

लेण्यांच्या रस्त्यावर बांगड्या-माळांचं दुकान. चालवणारी तिशीतली बाई. सोबतच्या महिला शिपायाने ओळख सांगताच ती आमच्यावरच उखडली.

"बरं झालं आलात! मीच येणार होते ठाण्यात. त्या लग्नाच्या साइटवाल्यानं माझा लई जीव खाल्लाय. मी माझी माहिती भरते, हे पुसून टाकतात. वर नाव अन् फोटो भलत्याच बाईचा. फोन केला तर म्हणे मोबाईल बंद करून चालू करा."

"आमच्यासमोर उघडून दाखवा."

तिने स्वतःचा नंबर टाकला, स्वतःचा पासवर्ड टाकला. पडद्यावर मुकुंदवाडीच्या मुलीचा फोटो आला.

"बघा! परत हीच!"

वेबसाइट बनवणाऱ्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने समजावलं की लॉगिन झालं की सर्व्हर प्रत्येकाला एक वेगळी खूण देतो, आणि पुढे त्या खुणेवरून माणूस ओळखतो. याला सेशन म्हणतात. ती खूण कुणाला अंदाजाने सांगता येणार नाही आणि दोघांची कधी सारखी येणार नाही, इतकी वेगळी असावी लागते. या महाशयांनी मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडेच खूण म्हणून वापरले होते. दोघींचे ते आकडे सारखे. शिवाय एकदा उघडलेलं सेशन बंद करण्याची सोयच नव्हती. त्यामुळे दुसरी आली की सर्व्हर तिला पहिलीच समजून आत घेई. पासवर्ड शंभरदा बदलून काय होणार होतं?

"वेबसाइट बनवायचा जो तयार साचा, म्हणजे फ्रेमवर्क, तुम्ही वापरता, त्यात हे सगळं तयार मिळत नाही का?"

"मिळतं सर."

"मग?"

"वाचायचा कंटाळा आला."

मी उठून पाणी पिऊन आलो.

सगळ्यांना ठाण्यात बसवून हा घोळ सांगितला. वडील मालकावर ओरडले, "माझ्या पोरीची बदनामी केली तुम्ही!"

वेरूळची बाई वळली. "बाबा, बदनामी कशाची? मी माझंच लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नाय."

 मुलगी उठली आणि त्या बाईशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. "ताई, मीच पुसत होते तुमचं. मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

वेबसाइट दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवायला लावली. मालकावर पुढची कारवाई झाली. बजाजनगरच्या मुलाचा काही संबंध नाही, असं पत्र मी स्वतः कंपनीत नेऊन दिलं, तेव्हा त्याला परत घेतलं. मुलाकडच्यांचा पुन्हा फोन आला, पण मुलीनेच नकार दिला. "मला एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं," एवढंच तिचं म्हणणं.

या प्रकरणाने मला शिकवलं की 'कुणी केलं' हे विचारण्याआधी 'नेमकं काय झालं' हे विचारावं. आम्ही सगळे डूख धरणारा माणूस शोधत होतो. तिकडे एक बाई दुकान सांभाळून, पुन्हा पुन्हा, न लपवता स्वतःबद्दल खरं लिहीत होती. आणि आमच्या कागदावर त्या खऱ्याचं नाव होतं 'बदनामीकारक मजकूर'.