‘तू’च्या पुढचा शब्द

पांढरकवड्याच्या एका कॉलेजात बबिता राठोड संस्कृत शिकवते. बंजारा तांड्यातली सून देवभाषा शिकवते याचं लोकांना अजून नवल वाटतं, वाटो बापडं. तिचा आवडता पाठ अध्याहाराचा, म्हणजे न बोललेलं ऐकणाऱ्याने पुरं करण्याचा. कुणी नुसतं ‘अहो, दार’ म्हटलं तरी आपण उठून ते लावतो, ते कसं? भाट्ट पंथाचे मीमांसक म्हणतात, ऐकणारा ‘लावा’ हा गाळलेला शब्द मनात भरतो, मगच अर्थ लागतो. प्राभाकर पंथाचे म्हणतात, शब्द कशाला हवा? प्रसंगावरून अर्थच थेट पुरा होतो. बबिता दोन्ही बाजू रंगवून सांगायची. खरी कुठली, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

तांड्यात तर हा पाठ रोजचाच. शेतात वाघाचं नाव घेत नाहीत. घेतलं की तो येतो म्हणे. "काल नाल्याकडं…" एवढंच बोलायचं, की ऐकणारा घराकडं वळलाच.

दिवाळीच्या सुट्टीत ती सासूबरोबर कापूस वेचायला गेली. सासू मोतीबाई, तिला बबिता याडी, म्हणजे आईच म्हणायची. म्हातारीचा गुडघा कामातून गेलेला, पण वेचणी सोडवत नव्हती. सकाळीच वनखात्याचा माणूस बजावून गेला होता: दिसला तर पळू नका, पाठ दाखवू नका. तेव्हापासून बबिताचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"बबिता, तू…" मोतीबाई बोलता बोलता थांबली.

बबिताने मान वळवली. कापसाच्या पऱ्हाटीच्या वर दोन कान होते. हलत नव्हते. बबिताच्या डोक्यात शब्द म्हणून एकही आला नाही. तिने सासूचं मनगट धरलं आणि दोघी त्याच्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे सरकू लागल्या. कान नाल्याकडे वळले, पऱ्हाटी हलली, मग सगळं शांत. तरी रस्त्याला लागेपर्यंत बबिताला झडप पडेलसं वाटत होतं.

घरी चहा देत तिने विचारलं, "याडी, ‘तू’च्या पुढं काय होतं?"

"पळ."

"पन त्या मानसानं तर पळू नका सांगतलं होतं."

"मालूम हाय मले. पन तो माह्याकडं पाहून राह्यला होता. माह्यानं पळनं होत नाही. एक तरी घरी यावं म्हनलं."

बबिता तिच्याजवळ खाली बसली. तो शब्द तेव्हा कानावर पडला असता, किंवा नुसता सुचला असता, तरी आपण याडीला तिथंच टाकून पळालोच असतो, हे तिला कळून चुकलं. शेतात धरलेलं ते मनगट तिने पुन्हा घट्ट धरलं.