आधी कंदील

त्या सकाळी मागीलदारी विहीर उपसायची होती. आदल्या संध्याकाळी पंप लावून पाणी काढलं होतं. खाली उरला होता वर्षभराचा कुजलेला पाला आणि गाळ. दरवर्षीचा गडी दोर घेऊन आला होता आणि पडवीत चहा पीत बसला होता. आमच्या मिठबाव गावात एवढ्या खोल विहिरीत उतरणारा आता तोच एक उरलाय.

तेवढ्यात मुलीने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. ती पुण्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात गेम बनवते. "बाबा, खेळान बघा. चुको काढा." निवृत्त मास्तरला याहून मोठं आमिष नाही.

चित्रं मुद्दाम जुन्या धाटणीची, ठोकळ्याठोकळ्यांची, रंग चारच. हातात कंदील घेऊन एका विहिरीत उतरायचं. भूत नाही, रक्त नाही, संगीतसुद्धा नाही. दर पायरीला उजेडाचं वर्तुळ थोडं बारीक होतं आणि भिंती थोड्या जवळ येतात, एवढंच. वर पाहिलं तर विहिरीचं तोंड आधी ताटाएवढं, मग वाटीएवढं, मग बटणाएवढं. भीतीच्या बाबतीत इतकी काटकसर मी पाहिली नव्हती. जरा वेळाने लक्षात आलं, की मी श्वास रोखून बसलोय.

मग कंदील विझला. मी वळलो आणि पायऱ्या चढायला लागलो.

"वर खंय येतास? खाली जावचा आसा!"

"कंदील इझलो मगे."

"तो मीच इझवलंय. आतापर्यंत खेळले ते सगळे खाली गेले. वर इलेले तुमीच पयले." तिने पडद्यावरच्या विझलेल्या कंदिलावर बोट ठेवलं. "आजोबांचो कंदील तो. तुमीच सांगितलेलात."

सांगितलं होतं खरं. माझे वडील विहिरीत माणूस उतरवण्याआधी पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडत. विझला तर खालची हवा वाईट, त्या दिवशी काम बंद. पण त्याआधी नारळ, आणि नारळाआधी देवापुढे पाऊण तासाचं गाऱ्हाणं, ज्यात जागेची राखण करणाऱ्या देवचारापासून दूरच्या भाऊबंदांपर्यंत सगळ्यांची हजेरी घेतली जाई. वडील गेल्यावर मी हा सगळा समारंभ बंद केला, आणि तसं चार लोकांत अभिमानाने सांगितलंही. नारळाबरोबर कंदीलही माळ्यावर गेला. त्या दोन्हींत फरक आहे, हे पोरांना विज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाला सुचलं नाही.

"खाली काय ठेवलंस?" मी विचारलं.

"कायच नाय. मी तळ केलंच नाय."

पडवीत चहाचा कप रिकामा होता. गडी नव्हता.

मी चप्पल न घालता धावलो. तो कठड्याच्या आत कमरेपर्यंत उतरला होता, दोर काखेखालून बांधलेला.

"वर ये! आधी कंदील सोडूया."

"मास्तर, धा वाजले सकाळचे. कंदील कित्याक?" तो हसला. "देवचाराक नारळ देवक तुमका जड जाता, नि आता कंदील!"

"नारळाचा मागसून बघूया. तू वर ये."

चेष्टा करीत का होईना, तो वर आला. मुलीने माळ्यावरून कंदील काढला, काच पुसली, वात पेटवली. मी दोरी सोडत गेलो. उन्हातून पाहताना ज्योत आधी पिवळी दिसली, मग नुसता ठिपका. अर्ध्याच्या खाली गेल्यावर ती आखूड झाली आणि गेली. फडफडलीसुद्धा नाही.

"वारो लागलो आसतलो," गडी म्हणाला. माडाचं एक पातंही हलत नव्हतं.

पुन्हा पेटवून सोडला. भिंतीतल्या त्याच दगडाशी विझला. तिसऱ्यांदा दोरी गड्याने स्वतः धरली. तिसऱ्यांदाही तिथेच.

कंदील वर घेऊन त्याने बाजूला ठेवला आणि काखेतला दोर सोडायला लागला. गाठ त्याला सुटेना. मुलीने पुढे होऊन सोडवली.

"गेल्या वर्षी," तो विहिरीकडे न बघता म्हणाला, "गेल्या वर्षी माका खाली जरा घेरी इल्ली. म्हटलंय, उपाशी आसय म्हणान."

गेल्या वर्षी मी कठड्याशी खुर्ची टाकून पेपर वाचत होतो.