ओल्या गवताचा धूर

शेजारी कुणी ओलं गवत पेटवलं, की भोसरीजवळची ती धावपट्टी आठवते. पन्नासच्या दशकात, चौथीत शाळा सुटलेला मी कोकणातून येऊन तिथं नुकताच कामाला लागलो होतो. वारा दाखवणारी कापडी पिशवी फाटलेली दिसली, म्हणून शिवायला खाली उतरवली. तेवढ्यात विमान घिरट्या घालू लागलं. वाऱ्याची दिशा न कळता ते उतरणार कसं? मला रडूच फुटलं.

"रडतुयास काय कोकण्या, वलं गवात आन!" मुकादम बबनअण्णा ओरडले. गवत पेटवलं, धूर एका बाजूला कलला आणि विमान सुखरूप टेकलं.

धावपट्टीच्या साहेबांनी पिशवी का उतरवली म्हणून जाब विचारला. "म्याच काढाया लावली, सायेब," अण्णा म्हणाले.

तेव्हा मला नोकरीचीच धास्ती होती. विमानातली माणसं आता आठवतात. साहेब गेल्यावर मी पिशवी शिवायला बसलो. अण्णा सुईत दोरा ओवून देत होते.